परसातील फणस व त्याची निवड

आंबा, पेरू, चिंच, सीताफळ ही झाडे आपल्या माण गावात व आसपासच्या वस्तीत पुष्कळ आढळतात. फणस मात्र त्या मानाने थोडा. तथापि अलीकडे पालकांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यात येतो, तो असा की, घराभोवती दोन-तीन गुंठे जागा उरली आहे, तीत फणस लावावयाचा झाल्यास तो कोणत्या जातीचा लावावा? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर चुकले तर ती चूक ध्यानात यावयास सात-आठ वर्षे लागतात. पेरूचे झाड वाईट निघाले तर ते काढून दुसरे लावता येते व दोन-तीन वर्षांत फळही मिळते. फणसाच्या बाबतीत तसे नाही. आज पाचव्या इयत्तेत असलेल्या मुलाने आठळी पेरली, तर तिच्या झाडाचे पहिले फळ पिकेपर्यंत तो मुलगा बहुधा शाळा सोडून महाविद्यालयात गेलेला असतो; आणि इतकी वर्षे पाणी घालून जर फळ बेचव निघाले, तर पुन्हा आरंभ करण्याचा उत्साह कोणाच्याही अंगी राहत नाही. म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न विचारणारी मंडळी दोन प्रकारची आहेत. पहिली, माणचीच जुनी घराणी. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान हिंजवडीकडून माणकडे वाढत आले, तेव्हा ह्यांच्या शेतजमिनी त्यात गेल्या व हाती घरापुरती जागा उरली. ज्यांनी एकरांनी शेती केली त्यांस आता एकाच झाडाची निवड करावयाची आहे. साहजिकच ते झाड उत्तम असावे असे त्यांस वाटते. दुसरी मंडळी कोकणातून आलेली. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या बाजूस कारखान्यांची वस्ती वाढली, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड ह्या जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे इकडे स्थायिक झाली. ही मंडळी मे महिन्यात गावी जातात, आजोबांच्या परसातील फणस खातात, आणि परत येताना त्याच्या आठळ्या पिशवीत बांधून आणतात. येथे त्या पेरल्या म्हणजे आजोबांचा फणस माणला आला, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहणे हाच ह्या लेखाचा मुख्य हेतू होय.

त्यासाठी आरंभी फणस म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. फणस हे एक फळ नसून शेकडो लहान फळांचा समूह आहे. झाडाच्या बुंध्यावर व जाड फांद्यांवर दोन प्रकारचे फुलोरे येतात. एक नर व दुसरा मादी. नर फुलोरा परागकण टाकून काळा पडतो व गळतो. तो पाहून पुष्कळांस कोवळे फणस कुजून गळाले असे वाटते. परंतु तो निसर्गक्रम आहे. मादी फुलोऱ्यात असंख्य फुले एकमेकांस चिकटलेली असतात. ज्या फुलास पराग मिळतो त्याचा गरा बनतो व त्या गऱ्याच्या पोटात आठळी धरते. ज्या फुलांस पराग मिळत नाही ती गऱ्यांच्या मधल्या चिवट पात्यांच्या रूपाने राहतात. म्हणजे प्रत्येक गरा हा एकेका फुलाचा संसार होय. फळात गरे भरपूर व पाती थोडी असतील तर फुलांस पराग नीट मिळाला असे समजावे. फळ एका बाजूस चेपलेले व वाकडे निघाले तर त्या बाजूच्या फुलांस तो मिळाला नाही असे समजावे.

आता प्रकारांकडे वळू. आपल्याकडे फणसाचे दोन भेद सर्वांस ठाऊक आहेत; कापा व बरका. काप्याचा गरा टणक, कुरकुरीत व सुटा निघणारा. बरक्याचा गरा मऊ, रसाळ व तंतुमय. ताज्या खाण्यास व तळलेल्या गऱ्यांस कापा चांगला. फणसपोळी व सांदणे ह्यांस बरक्याचा रस हवा. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी दोहोंचीही होते, आणि आठळ्या दोहोंच्याही भाजून अथवा उकडून खातात. हा भेद फार जुना आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेला प्रवासी इब्न बतूता ह्यानेही ह्या फळाची ‘शकी’ व ‘बर्की’ अशी दोन नावे नोंदविली आहेत. पहिले नाव मल्याळम् भाषेतील ‘चक्का’ ह्या शब्दाचे रूप आहे. त्याच शब्दापासून पोर्तुगीजांनी ‘जाका’ केले व इंग्रजांनी ‘जॅक’.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. केरळात टणक गऱ्याच्या फणसास ‘वरिक्का’ म्हणतात व मऊ गऱ्याच्या फणसास ‘कूळा’. श्रीलंकेतही टणक फणस तो ‘वरका’ व मऊ तो ‘वेला’. आपल्या ‘बरका’ शब्दाशी ही नावे कानास सारखी लागतात, परंतु अर्थ अगदी उलट आहे. रोपवाटिकेच्या पाटीवर ‘मुट्टम वरिक्का’ असे वाचून तो बरका असेल म्हणून कोणी सोडून देईल, अथवा बरका म्हणून घेऊन येईल, तर दोन्ही परींनी फसगत होईल. नाव कोणत्या मुलखाचे आहे हे पाहूनच त्याचा अर्थ करावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कापा व बरका ह्या जाती नव्हेत. ते वर्ग आहेत. काप्यांत गोड, अगोड, पिवळे, केशरी, लहान, मोठे, लवकर पिकणारे, उशिरा पिकणारे असे असंख्य प्रकार असतात, आणि बी पेरून उगवलेले प्रत्येक झाड हा एक स्वतंत्र प्रकार असतो. ह्याचे कारण वर सांगितलेल्या फुलोऱ्यात आहे. आठळीची आई कोण हे आपणांस ठाऊक असते, कारण ती त्या झाडावरच्या फळातून काढलेली असते. परंतु पराग कोठून आला हे कोणासही ठाऊक नसते. तो शेजारच्या वाडीतील बरक्याचाही असू शकेल. म्हणून उत्तम काप्याच्या आठळीपासून पचपचीत बरका निघतो, आणि सामान्य झाडाच्या आठळीपासून क्वचित अप्रतिम फळही निघते. मुले आईबापांसारखी असतात, पण आईबाप नसतात. झाडांचेही तसेच आहे. तात्पर्य, आजोबांच्या फणसाची आठळी माणला पेरली असता जे झाड उगवते ते त्या फणसाचे अपत्य होय, तो फणस नव्हे. तो फणस जसाच्या तसा आणावयाचा असेल तर त्याची काडी आणली पाहिजे व तिचे कलम बांधले पाहिजे. गोडी लाकडातून चालत येते. बियांतून येईलच असा भरवसा नाही.

कलमाचा दुसराही लाभ आहे. आठळीच्या झाडास फळ येण्यास सामान्यतः सात-आठ वर्षे लागतात. चांगल्या कलमास तीन ते पाच वर्षांत फळ धरते. ह्याचे कारण असे की, कलमाची काडी फळावर आलेल्या झाडाची असल्यामुळे तिचे बालपण आधीच संपलेले असते. शिवाय आठळीचे झाड फार उंच वाढते, कलम त्या मानाने आटोपशीर राहते; आणि लहान जागेत हा गुण अल्प नव्हे.

आता ‘हायब्रीड’ अथवा ‘संकरित’ ह्या शब्दाविषयी. हल्ली बाजारात हा शब्द फार स्वस्त झाला आहे; रोपाची किंमत वाढवावयाची असली म्हणजे त्यास हायब्रीड म्हणावयाचे, असा काहींचा परिपाठ दिसतो. वस्तुतः संकर म्हणजे एक माता व एक पिता हेतुपुरस्सर निवडून, एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलास लावून, त्या बीजापासून झाडे वाढवून, त्यांतील उत्तम झाड पारखून घेणे. फणसात हे काम किती दीर्घ आहे ह्याचे एक उदाहरण सांगतो. निलगिरीच्या पायथ्याशी कल्लार येथील फळसंशोधन केंद्रात १९५२ साली असा प्रयोग आरंभिला गेला. लवकर फळणारा व बिनहंगामीही फळ देणारा ‘सिंगापूर’ फणस माता म्हणून घेतला. मोठ्या व रुचकर गऱ्यांचा ‘वेलिपला’ हा रानातून निवडलेला फणस पिता म्हणून घेतला. पंचवीस वर्षे पारख केल्यावर त्यांतील एक झाड उभयतांहून सरस ठरले, आणि १९८२ साली त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. एका झाडासाठी पंचवीस वर्षे! विद्यार्थ्यांनी ह्यावरून शास्त्रज्ञांच्या चिकाटीचा बोध घ्यावा, आणि पालकांनी हा बोध घ्यावा की, खरा संकर रस्त्याच्या कडेच्या हातगाडीवर सहसा मिळत नाही. संकराचे दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातील ‘चीना’ हे होय. फणस व त्याचा मलायी आप्त ‘चेंपेडाक’ ह्यांच्या आपोआप झालेल्या संयोगापासून ते निघाले. परंतु चेंपेडाक हे अतिशय दमट व उष्ण प्रदेशातील झाड आहे. पुण्याकडील कोरड्या हिवाळ्यात त्याच्या वंशजाचा प्रयोग हौसेखातर करावा, भरवशासाठी नव्हे.

आज आपल्याकडे ज्या नामांकित जाती आहेत त्यांपैकी बहुतेक संकर नसून निवड आहेत. म्हणजे हजारो झाडांतून एक उत्तम झाड शोधून, त्याचीच कलमे करून त्यास नाव दिले आहे. घरच्या बागेच्या दृष्टीने त्यांतील काहींची तुलना पुढे करितो.

पहिली ‘कोकण प्रॉलिफिक’. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ही दिली. हा कापा आहे, व नावाप्रमाणे भरपूर फळतो. आपल्या महाराष्ट्रातील विद्यापीठाची जात असल्यामुळे तिची खात्रीची कलमे मिळणे व अडचण पडल्यास सल्ला मिळणे, दोन्ही सुलभ. एकच झाड लावावयाचे असेल त्याने प्रथम हिचा विचार करावा.

दुसरी ‘सिद्धू’. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या शेतात हे झाड होते. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने त्याचे गुण ओळखले व २०१७ साली त्या शेतकऱ्याशी करार करून त्याच्या कलमांचा प्रसार आरंभिला. हिचे फळ सरासरी अडीच किलोच्या सुमाराचे, म्हणजे फणसाच्या मानाने अगदी लहान. गरे तांबूस रंगाचे. चार-पाच माणसांच्या कुटुंबास एक फळ एका बैठकीस पुरते, वाया जात नाही, व ते बाईमाणसांस एकटीनेही फोडता येते. तुमकूरही आपल्यासारखाच पठारावरचा कोरडा मुलूख आहे, हेही लक्षात घेण्याजोगे.

तिसरी केरळ कृषी विद्यापीठाची ‘सिंदूर’. ही वरिक्का, अर्थात टणक गऱ्याची, गरे केशरी-लाल. केरळ राज्याने मार्च २०१८ मध्ये फणस हे आपले राज्यफळ म्हणून घोषित केले, तेव्हापासून तेथील जातींची कीर्ती इकडेही वाढली आहे. जात सुंदर, मात्र केरळातील पाऊस व हवा आपणांपाशी नाही हे विसरू नये.

चौथी ‘व्हिएतनाम सुपर अर्ली’. दीड-दोन वर्षांत फळ देते असे विक्रेते सांगतात व म्हणून तिचा खप मोठा आहे. लवकर फळणे हा गुण खरा. परंतु दीड वर्षाच्या सुकुमार झाडावर पाच-सात किलोचा भार ठेवणे म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावर पाण्याची घागर देणे होय. ही जात लावल्यास पहिली एक-दोन वर्षांची फळे कोवळेपणीच काढून भाजीस वापरावी व झाडास बळ येऊ द्यावे.

ह्यांशिवाय तमिळनाडूतील ‘पालूर-१’ व ‘पेचिपारै-१’ ह्याही प्रसिद्ध आहेत. आणि मोठ्या फळाचा मोह असणाऱ्यांस आम्ही इतकेच सांगतो की, २३ जून २०१६ रोजी पुण्यात वजन केलेला एक फणस ४२.७२ किलो भरला व जगातील सर्वांत जड फणस म्हणून नोंदला गेला. असा फणस पाहावयास चांगला. तथापि तो घरी आला तर खावयास सारी आळी बोलवावी लागेल.

आता आपल्या जमिनीचा व हवेचा विचार करू. कोकणात वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराची सरासरी सात-साडेसातशे मिलिमीटर आहे. माण हे पश्चिमेकडे, मुळशीच्या डोंगरांच्या अंगास असल्यामुळे येथे पाऊस शहराहून थोडा अधिक, पण कोकणाशी तुलना नाहीच. ह्यावरून फणसास येथे पाणी कमी पडते एवढेच कोणी ध्यानात घेतील. परंतु अनुभव असा की, तहानेपेक्षाही मुळाशी साचलेल्या पाण्याने फणस अधिक मरतो. कोकणातील जांभ्या जमिनीतून पाणी झटकन निघून जाते. आपली काळी जमीन ते धरून ठेवते. म्हणून काळ्या जमिनीत तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम, शेणखत व माती मिसळून भरावे, आणि कलम भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावावे. पहिली तीन वर्षे हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसापर्यंत नियमित पाणी द्यावे व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. भिंत, मलकुंड अथवा पाण्याची टाकी ह्यांपासून झाड निदान पंधरा-वीस फूट दूर असावे. शेंडा योग्य वेळी छाटून झाड पंधरा फुटांच्या आत राखल्यास हरकत नाही. फळ बुंध्यावर व जाड फांद्यांवर येत असल्यामुळे छाटणीने पीक बुडत नाही. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर पिकणारे फळ पाणचट होते, म्हणून लवकर पिकणारी जात येथे अधिक सोयीची.

कलम विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्या. एक, बुंध्याशी सांध्याची खूण स्पष्ट दिसली पाहिजे. ती नसेल तर ते कलम नव्हे, रोप होय. दुसरी, पाने पाहावी. फणसाच्या शास्त्रीय नावातील ‘हेटेरोफायलस’ ह्या पदाचा अर्थ ‘निरनिराळ्या पानांचा’ असा आहे. कारण कोवळ्या रोपाची पाने पुष्कळदा दोन-तीन ठिकाणी चिरलेली असतात व मोठ्या झाडाची अखंड असतात. सांध्याच्या वर चिरलेली पाने दिसली तर संशय घ्यावा. तिसरी, सांध्याच्या खाली फुटवा नसावा. लावल्यावरही असा फुटवा आला की तत्काळ खुडावा. नाहीतर खुंटाची फांदी बळावते, वरचे कलम सुकते, आणि आपण सिद्धू म्हणून भलताच फणस वाढवीत बसतो.

ज्यांस आपल्या गावचाच फणस हवा आहे, त्यांनी खुंटासाठी आठळी अवश्य पेरावी. तेथे आईबापांचा प्रश्न नाही. मात्र आठळीचा जीव अल्प असतो. ती वाळली की उगवत नाही. म्हणून फळ फोडल्यावर धुऊन थोड्याच दिवसांत खोल पिशवीत पेरावी. पुढे गावच्या निवडलेल्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, निरोगी, फळत्या फांदीच्या शेंड्याची काडी घ्यावी. काडी कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ राखून छाटून ठेवावी, म्हणजे डोळे फुगतात. मग ती ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी व शक्य तितक्या लवकर खुंटावर पाचर पद्धतीने बसवून पट्टीने घट्ट बांधावी. ह्यास मृदुकाष्ठ कलम म्हणतात. माणगावाहून ताम्हिणी घाटाने पौडमार्गे माण एका दिवसात सहज गाठता येते. तेव्हा काडी सुकण्याचे भय नाही. पहिल्या खेपेस जाणत्या माळ्याकडून बांधून घ्यावे, व मुलांनी ते जवळ बसून पाहावे.

ह्या कामास विलंब करू नये असे आम्ही आग्रहाने सांगतो. जुने फणस चिरकाल राहत नाहीत. त्यांचे पिवळे लाकूड दारे-खिडक्यांस, वीणेस, मृदंगास उत्तम, म्हणून त्यास गिऱ्हाईक नेहमी उभे असते. कोठे रस्ता रुंद होतो, कोठे वाटणी होते, कोठे घर बंद पडते. झाड तोडल्यावर त्याच्या आठळ्या शंभर पेरल्या तरी ते झाड परत येत नाही. आणि तोडण्यापूर्वी घेतलेली एक वीतभर काडी त्यास आणखी साठ-सत्तर वर्षे आयुष्य देते. तरी विद्यार्थिमित्रांनी येत्या मे महिन्यात गावी गेल्यावर एवढे करावे. परसातील प्रत्येक फणसाचे फळ चाखावे. कापा की बरका, गोडी कशी, केव्हा पिकतो, किती फळतो, हे वडील माणसांस विचारून वहीत लिहून ठेवावे. आणि सर्वांत चांगल्या झाडावर चुन्याची खूण करावी. ज्यांचे कोकणात कोणी नाही त्यांनी विद्यापीठाच्या अथवा सरकारमान्य रोपवाटिकेतून खात्रीचे कलम आणावे. जागा एका झाडाची असेल तर एकच लावावे, पण त्याचे नाव, गाव व कुळ ठाऊक असलेले लावावे.